कौलावर, माडावर, परांचीवर: उंचीची भीती आणि खरा धोका

एप्रिल अर्धा सरला की गोव्यात छपरांवर माणसे दिसू लागतात. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याआधी कौले परतून घ्यायची असतात, फुटकी बदलायची असतात, आढ्यावरच्या सिमेंटच्या भेगा बुजवायच्या असतात. देवळे, चर्च आणि घरे रंगतात, गच्चीवर पत्र्याचे छप्पर चढते, घराजवळच्या माडांचे नारळ आणि सुकी चुडते, म्हणजे झावळ्या, उतरवली जातात. या कामांत दोन टोकांची माणसे भेटतात. एकाचे पाय शिडीच्या तिसऱ्या पायरीवर लटपटतात, दुसरा आढ्यावर बसून खुशाल विडी ओढतो. पहिल्याला लोक भित्रा म्हणतात आणि दुसऱ्याला पटाईत. अपघात कोणाला होईल हे मात्र या दोन्ही शिक्क्यांवरून कळत नाही. भीती ठरते डोळ्यांना दिसणाऱ्या खोलीवर. धोका ठरतो कड किती जवळ आहे, पायाखाली काय आहे आणि तोल गेला तर हाताला काय लागेल यावर. या दोन गोष्टींचा मेळ क्वचितच बसतो.

डोळे का फिरतात

माणूस स्थिर उभा आहे असे दिसते, पण तो कधीच पूर्ण स्थिर नसतो. शरीर सतत थोडे पुढे-मागे झुलते आणि मेंदू ते झुलणे सावरत राहतो. त्यासाठी तीन ठिकाणांहून खबर येते: कानाच्या आतल्या तोल राखणाऱ्या नळ्या, पायांचे स्नायू-सांधे आणि डोळे. डोळ्यांना जवळच्या वस्तूंचा आधार लागतो. समोर एक मीटरवर भिंत असेल आणि शरीर दोन सेंटीमीटर झुलले, तर भिंत सुमारे एक अंशाने सरकलेली दिसते आणि मेंदू लगेच दुरुस्ती करतो. आता भिंत नाही, सर्वांत जवळची वस्तू वीस मीटर खाली असलेले अंगण आहे असे समजा. तेवढ्याच झुलण्याने अंगण एका अंशाच्या विसाव्या भागाएवढेच सरकते. डोळ्यांना ते कळतही नाही. कान आणि पाय सांगतात की आपण हलतोय, डोळे सांगतात की नाही. या गोंधळात दुरुस्ती उशिरा होते आणि झुलणे खरोखरच वाढते.

म्हणजे उंचावर थोडे अस्थिर वाटणे हा मनाचा कमकुवतपणा नाही. ती सगळ्यांच्याच शरीराची मर्यादा आहे, माडावर चढून नारळ पाडणाऱ्या पाडेल्याची आणि रंगाऱ्याचीही. फरक इतकाच की सराव असलेला माणूस नकळत जवळची वस्तू शोधतो, तिच्यावर नजर ठेवतो आणि शक्य तिथे एक हात टेकवतो. नवखा माणूस सरळ खाली बघतो.

उलट दिशेनेही डोळे असेच फसतात. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाखाली उभे राहून वर बघा. मागून ढग धावत असतील तर स्तंभच आपल्यावर झुकतोय असे वाटते आणि पाय आपोआप मागे सरकतो. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही. शिडीवर उभे राहून मान वर करून छताला रंग देताना मात्र हाच मागे सरकणारा पाय महागात पडतो. मोबाइलच्या पडद्यातून बघत कड्यावर चालणेही त्याच जातीचे. पडद्यात सगळे सपाट दिसते, आजूबाजूचे दिसेनासे होते आणि तोलाला लागणारी अर्धी माहिती आपण स्वतःच बंद करतो. शापोरा किंवा काब द रामाच्या किल्ल्याच्या तटावर फोटो काढणाऱ्यांनी आधी उभे राहायची जागा ठरवावी, मग फोन उचलावा, आणि फोन डोळ्यांसमोर असताना पाऊल टाकू नये.

भीती, भय आणि भोवळ

खोलीची जाण फार लवकर येते. १९६० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी सहा ते चौदा महिन्यांच्या ३६ बाळांना जाड काचेच्या टेबलावर ठेवले. अर्ध्या भागात काचेला लागूनच खाली चौकटीचे कापड होते, उरलेल्या भागात तेच कापड खूप खाली जमिनीवर. आई पलीकडून बोलावत असे. जी २७ बाळे मधल्या फळीवरून हलली, ती सगळी निदान एकदा उथळ बाजूला गेली. खोल दिसणाऱ्या बाजूला त्यांतले फक्त तिघे गेले. पुढच्या संशोधनातून असे दिसले की ही सावधगिरी रांगण्याच्या अनुभवाबरोबर पक्की होते.

मोठेपणी उंचीवर अस्वस्थ वाटणारे लोक पुष्कळ असतात. जर्मनीत झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे २८ टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी हा त्रास झाल्याचे सांगितले. ज्याला डॉक्टर भयगंड म्हणतील, म्हणजे उंच जागा टाळण्यासाठी नोकरी, घर, प्रवास बदलण्याइतकी भीती, ती शंभरात साधारण तीन ते सहा जणांना असते. अशा माणसाला उंची असते त्यापेक्षा जास्त दिसते. वरून खाली बघताना खालून वर बघण्यापेक्षा अंतर अधिक वाटते हे तर सगळ्यांनाच लागू आहे, भीतीने त्यात भर पडते. मग तो मान ताठ करतो, गुडघे आवळतो, नजर एका जागी खिळवतो. ताठरलेल्या शरीराला बारीक दुरुस्त्या जमत नाहीत, झुलणे वाढते, ते जाणवून भीती वाढते.

गॅलरीच्या कठड्याशी उभे असताना ‘आत्ता उडी मारली तर?’ असा विचार चमकून जातो आणि लोक त्याने हादरतात. ज्यांच्या मनात मरणाचा विचार कधीच आलेला नाही अशांनाही हा विचार सर्रास येतो. मेंदूने धोक्याची घंटा वाजवून शरीर मागे खेचले, आणि ते का खेचले याचा अर्थ मनाने नंतर लावला, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हा विचार एकदा येऊन गेला तर काळजी नको. तो उंचीवर नसतानाही, घरी बसल्या बसल्या पुन्हा पुन्हा येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला लगेच भेटावे.

भोवळ ही वेगळी गोष्ट. ती जमिनीवरही येते. कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की काही सेकंद घर गरगर फिरते आणि मिनिटाभरात थांबते, हे कानाच्या आतले कॅल्शियमचे बारीक खडे जागेवरून सुटून तोलाच्या नळीत शिरल्याचे लक्षण आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने वळवून ते खडे परत जागी नेतात. बहुतेकांना एक-दोन बैठकींत बरे वाटते. त्यासाठी महिनोन्महिने चक्करेच्या गोळ्या खाण्यात अर्थ नाही, आणि त्यातल्या पुष्कळ गोळ्या झोप आणतात. असा त्रास चालू असताना छताचे रंगकाम, पंखे बसवणे, आंबे काढणे ही मान वर करायची कामे पूर्ण बंद.

भीती उतरवता येते, पण कामाच्या जागी नव्हे

उंचीच्या भयगंडावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे थोडी थोडी उंची, पुन्हा पुन्हा. शून्य ते दहा अशी भीतीची मोजपट्टी मनात धरायची. जिथे भीती चार-पाचच्या घरात असते तिथून सुरुवात करायची आणि ती निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचे नाही. याला कधी दहा मिनिटे लागतात, कधी चाळीस. भीती टोकाला असताना पळ काढला तर मेंदू एवढेच शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

घराच्या पहिल्या मजल्यावरची बंद खिडकी, मग उघडी खिडकी, मग गॅलरीत कठड्यापासून दोन पावले मागे, मग कठड्याला हात लावून, असे चढत जावे. पणजीच्या चर्चसमोरच्या नागमोडी पायऱ्या या सरावाला चांगल्या आहेत. बाजूला भक्कम भिंत आहे आणि प्रत्येक वळणावर थांबता येते. त्यानंतर रेइश मागुशच्या किल्ल्याचा तट. प्रत्येक टप्पा आठवड्यातून तीन-चार वेळा व्हायला हवा. महिन्यातून एकदा जाऊन काही साधत नाही. खाली बघताना एकदम तळ न बघता आधी कठडा, मग समोरचे झाड, मग हळूहळू खाली, अशी नजर उतरवावी.

हे आभासी वास्तवाच्या (व्हीआर) चष्म्यातूनही जमते. २०१८ साली ऑक्सफर्डमध्ये १०० जणांवर झालेल्या चाचणीत थेरपिस्टशिवाय, संगणकातल्या मार्गदर्शकाच्या मदतीने उपचार घेतलेल्यांची भीती सरासरी दोन-तृतीयांशाने उतरली. सरावाआधी चिंतेची गोळी घेणे मात्र चुकीचे. तोल बिघडतो आणि मेंदूला जे शिकायचे ते तो शिकत नाही.

एक गोष्ट मुकादमांनी मनावर घ्यावी. घाबरणाऱ्या पोराला ‘एकदा चढ, मग सवय होईल’ म्हणून परांचीवर पाठवणे हा उपचार नव्हे. सराव जिथे पडणे शक्यच नाही तिथे करायचा असतो. आणि सवय झाली म्हणजे धोका गेला असेही नाही, फक्त घंटा वाजायची थांबली.

तीन मीटर म्हणजे किती

पडणारी वस्तू किती वेळ हवेत असते याचा हिशेब साधा आहे. दोन मीटरवरून पडलेला माणूस ०.६४ सेकंदात जमिनीवर येतो, वेग ताशी २२ किलोमीटरच्या वर. तीन मीटरवरून, म्हणजे तळमजल्याच्या घराच्या वळचणीवरून, ०.७८ सेकंद आणि ताशी २७-२८ किलोमीटर. सहा मीटरवरून ताशी ३९. पंधरा मीटरच्या माडावरून ताशी ६२. दचकून हात पुढे करेपर्यंतच पाव ते अर्धा सेकंद जातो. ‘पडलो तर फांदी धरीन’ हा बेत तीन मीटरवर टिकत नाही.

म्हणूनच कारखान्यांत आणि बांधकामावर दोन मीटरच्या पुढे पडण्यापासून संरक्षण द्यायची रीत आहे. घरगुती कामाला ती कोणी लावत नाही. चौथ्या मजल्यावर हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचा अंगावरचा पट्ट्यांचा साज, घालणारा रंगारी दुपारी शेजारच्या बैठ्या घराच्या कौलांवर तसाच चढतो. खाली जांभ्याची फरसबंदी असते, तुळशीवृंदावनाचा कोपरा असतो, विहिरीचा काठ असतो. तिथे भीतीच वाटत नाही, म्हणून तयारीही होत नाही.

कौले आणि पत्रे

मंगळुरी कौल दोन-सव्वादोन किलोचे असते आणि एका चौरस मीटरवर साधारण चौदा-पंधरा कौले बसतात. कौल पाऊस अडवायला असते, माणूस पेलायला नाही. त्याचा भार रिपांवर, रिपांचा वाशांवर, वाशांचा आढ्यावर आणि भिंतीवर जातो. माणसाचे पाऊल दोन वाशांच्या मधोमध पडले तर सत्तर किलो वजन एका दीड-दोन इंची रिपेवर येते. रीप वाळवीने पोखरलेली असेल तर वरून ते दिसत नाही. कौल जागेवर नीट बसलेले असते आणि खाली भुसा असतो.

म्हणून चढण्याआधी घरात जाऊन खालून बघणे हे पहिले काम. माळ्यावर चढा, बॅटरी घ्या, रिपा आणि वाशांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. अर्धा सेंटीमीटर सहज शिरला तर तेवढ्या पट्ट्यावर कोणी जायचे नाही. ओल उतरलेले डाग, वाळवीची मातीची नळी, भिंतीत शिरलेले वाशाचे टोक या तीन जागा आधी बघाव्यात. खराब भाग वरून कळावा म्हणून तिथले एक कौल उपडे करून ठेवता येते.

छपरावर चालायचे ते फळीवर. निदान एक फूट रुंद, कमीत कमी तीन वाशांवर टेकेल इतकी लांब, आणि आढ्याला अडकणारा आकडा असलेली. खाली आडव्या पट्ट्या मारलेल्या असल्या की तीच छपरावरची शिडी होते. अशा दोन फळ्या असाव्यात, म्हणजे एकीवर बसून दुसरी सरकवता येते. एकच असली की माणूस ‘एवढे एकच पाऊल’ म्हणून कौलावर उतरतो. जुन्या घरांत उजेडासाठी बसवलेले काचेचे कौल धूळ आणि शेवाळ बसून मातीच्या कौलासारखेच दिसते. ती जागा खालून मोजून वर खडूने खूण करावी.

शेवाळ मेमध्ये वाळून काळी पापडी होते आणि तिच्यावर पाय चांगला ठरतो. मग एखाद्या दुपारी वळवाची सर येते आणि दहा मिनिटांत तीच पापडी साबणासारखी होते. सर आली की लगेच उतरायची घाई करणारे याच वेळी घसरतात. फळीवर असाल तर फळीवरच बसून राहा, सर जाऊ द्या, आणि उतरताना पाठ आकाशाकडे, तोंड छपराकडे.

वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडवर वेगळा सापळा असतो. सिमेंटचे पत्रे वर्षे गेली की ठिसूळ होतात. त्यांच्यामध्ये उजेडासाठी घातलेले फायबरचे पत्रे उन्हाने त्याहून आधी कुजतात, आणि गळती थांबवायला मारलेल्या रंगाखाली ते कुठले हेच कळेनासे होते. त्यावर पाय पडला की माणूस सरळ खालच्या यंत्रावर. ‘खिळ्यांच्या ओळीवरून चाल, तिथे खाली तुळई असते’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि तो अपुरा आहे. पाऊल दहा सेंटीमीटर बाजूला पडायला एक दचकणे पुरते. तिथे दोन तुळयांवर टेकणारी फळी हवी आणि खाली जाळी हवी. दुरुस्ती आतून शिडी किंवा मनोरा लावून करता येत असेल तर वर जाऊच नये.

हार्नेसचे गणित

कंबरेला बांधायचा जुना सेफ्टी बेल्ट पडणाऱ्याला अडवण्यासाठी वापरू नये. झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, आणि माणूस उलटा होऊन त्यातून निसटूही शकतो. लागतो तो पूर्ण अंगाचा हार्नेस, भारतीय मानक आयएस ३५२१ ची खूण असलेला. मागची कडी दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये यावी, छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर, मांडीच्या पट्ट्यात सपाट तळहात जाईल पण मूठ जाणार नाही.

आता लोक जे विसरतात ते. दोन मीटरचा दोर, त्याला शिवलेला झटका शोषणारा पट्टा. पडल्यावर हा पट्टा उसवत जातो आणि शरीरावरचा झटका सहा किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण सहाशे किलोंच्या आत ठेवतो. पण उसवताना तो पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. मागच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर धरा, आणि सुटीला एक मीटर. बेरीज सव्वासहा मीटर. दोर जिथे बांधला त्या बिंदूखाली एवढी मोकळी जागा नसेल तर हार्नेस असूनही माणूस जमिनीवर आपटतो. बैठ्या घराचे आढेही एवढे उंच नसते.

मग तिथे हार्नेस निरुपयोगी का? नाही, दोर आखूड करायचा. हात पुरा ताणला तरी वळचणीपलीकडे पाय जाणार नाही इतकाच दोर ठेवला तर पडणेच होत नाही. कडेपाशी पोचूच न देणे हे पडल्यावर झेलण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण त्याने आतून, कौलातून खाली जाणे थांबत नाही, त्यासाठी फळी लागतेच.

दोर बांधायचा कुठे हा खरा प्रश्न. झटका अडवणाऱ्या दोरासाठी दीड टन ओढ सोसणारा आधार हवा. टाकीचा पाइप, टीव्हीची तबकडी, गॅलरीचा कठडा, कौलाची रीप यांपैकी काहीच त्या लायकीचे नाही. दोर आढ्यावरून पलीकडे टाकून जिवंत, सरळ माडाच्या बुंध्याला किंवा काँक्रीटच्या खांबाला बांधता येतो. आढ्यावर तो घासतो तिथे गोणपाटाची जाड घडी ठेवावी. गाडीला कधीच बांधू नये, कोणीतरी किल्ली घेऊन येतो. आणि आधार कामाच्या जागेच्या सरळ वर असावा. तो खूप बाजूला असला तर पडलेला माणूस झोक्यासारखा फिरून भिंतीवर आदळतो.

गोव्याच्या खाऱ्या हवेत हार्नेसच्या कड्या आणि आकडे आतून गंजतात, आकड्याची झडप अर्धी उघडी राहते. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. पट्ट्यावर चीर, भाजल्याची खूण, रंगाचा कडक थर, फिकटलेली शिवण दिसली तर बाद. एकदा पडणाऱ्याला झेलला असेल तरी बाद, वरून तो कितीही नवा दिसो.

माड

रेंदेर, म्हणजे माडाची ताडी काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळी आणि संध्याकाळी सूर (ताडी) उतरवायला, दुपारी पोय (माडाचा फुलोरा) तासायला. पाडेली तोच माड साधारण दीड महिन्याने चढतो. त्यामुळे रेंदेराला आपला प्रत्येक माड पाठ असतो, पाडेल्याला माड दर वेळी नव्याने तपासावा लागतो. बुंध्याला ठोकून पोकळ आवाज येतो का, सोंड्या भुंग्याची भोके आणि त्यांतून गळणारा तपकिरी चीक दिसतो का, शेंडा एका बाजूला झुकला किंवा मधली कोवळी झावळ सुकली आहे का, वीज पडल्याची खूण आहे का, हे सगळे खालूनच बघायचे. यातले एकही असेल तर त्या माडाचे नारळ गेले तरी चालतील.

वर पोचल्यावर चढणीचा आधार सोडून शेंड्यात शिरण्याचा क्षण सर्वांत नाजूक. दोन्ही हात वर, पाय खाचेतून सुटलेले, आणि हात पडतो तो हाताशी आलेल्या झावळीवर. खालची पिवळी पडलेली झावळ देठासकट निखळते. धरायची ती हिरवी आणि देठाशी घट्ट बसलेली, आणि धरण्याआधी तीच ओढून बघायची. शेंड्यात शिरल्यावर आधी बुंध्याभोवती दोर, मग कोयता. नेहमी याच्या उलटे होते. गांधीलमाश्यांचे पोळे दिसले तर तसेच खाली यावे. वर असताना माशांना हाकलायला हात सुटतो.

पायाने चालवायचे चढण्याचे यंत्र दोन भागांचे असते, एक वर सरकवून दुसऱ्यावर उभे राहायचे. माड वर बारीक होतो, म्हणून तारेचा फास चढताना कमी-जास्त करावा लागतो. हे न केल्यास वरचा भाग कलतो. फार वाकड्या माडाला ते नको. नारळ विकास मंडळाने २०११ पासून असे यंत्र वापरायचे प्रशिक्षण सुरू केले, आणि चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ नावाची विमा योजनाही आहे. माडवाल्याने पाडेल्याला नारळामागे किती द्यायचे याबरोबर त्याचा विमा आहे का हेही विचारावे.

खालच्यांचे काय? सोललेला नसलेला नारळ दीड-दोन किलोचा, आणि पंधरा मीटरवरून येतो तो ताशी ६० किलोमीटरने. झावळ तर वाऱ्याने वाकडी जाते. निदान पाच मीटरच्या घेरात कोणी नको, आणि नारळ गोळा करायला पाडेली पूर्ण खाली आल्यावरच जायचे.

शिडी आणि तार

शिडीचे प्रमाण चारास एक: टेकायची जागा चार मीटर उंच तर पाया भिंतीपासून एक मीटर. वर उतरायचे असेल तर वळचणीच्या वर एक मीटर शिडी उरली पाहिजे, आणि वरचे टोक बांधले पाहिजे. लाल मातीत पाय रुततात, खाली फळी घाला. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम टेकलेले. सामान पिशवीतून दोरीने वर घ्या.

विजेच्या तारेला चिकटण्याची गरज नसते, ११ हजार व्होल्टची तार जवळ गेल्यानेही झेपावते. ॲल्युमिनियमची शिडी, आंबे काढायचा लोखंडी गज, ओला किंवा हिरवा बांबू, सगळ्यांतून वीज वाहते. तीन मीटरच्या आत काहीही नेऊ नये. काम तेवढे जवळ असेल तर वीज खात्याकडून लाइन बंद करून घ्यावी. उभी नेतानाच शिडी तारेला लागते, म्हणून ती दोघांनी, आडवीच न्यावी.

परांचीबद्दल थोडक्यात: उभे राहायला निदान ६० सेंटीमीटर रुंदी, कमरेच्या वर कठडा, मध्ये एक आडवा बांबू, आणि खाली अवजार घरंगळू नये म्हणून १५ सेंटीमीटरची पट्टी. काथ्याच्या गाठी पावसाने सैल होतात, त्यामुळे दर सरीनंतर त्या पुन्हा बघाव्यात. भिंतीला परांची बांधलेली नसेल तर ती परांची नाही, उभा केलेला बांबू आहे.

आज चढायचे की नाही

कौले परतण्याचा मोसम आणि उर्राकीचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसम एकच, हा गोव्याचा दैवदुर्विलास. दारूने नुसती शुद्धच मंदावते असे नाही. कानातल्या तोलाच्या नळीत एक लवचीक पडदा असतो, त्यात दारू आधी शिरते आणि भोवतालच्या द्रवात नंतर. तोवर पडदा हलका होतो आणि डोके नुसते कलले तरी फिरल्यासारखे वाटते. दारू उतरताना हाच खेळ उलट होतो. म्हणून रात्री घेतलेली सकाळी तोंडाला वास येत नसला तरी आढ्यावर जाणवू शकते.

सर्दीची झोप आणणारी गोळी, खोकल्याचे औषध, उभे राहताच रक्तदाब उतरवणारी प्रोस्टेटची गोळी, इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी काम, फीट येण्याचा आजार: यांपैकी काही असेल तर वर जाणारा माणूस दुसरा असावा. नवीन चष्म्याच्या, विशेषतः खालच्या भागात जवळचे दिसणाऱ्या काचांच्या, पहिल्या काही दिवसांत पायरी कुठे आहे हेच चुकते. मेमध्ये पारा तेहतीस-चौतीसच दिसतो, पण दमटपणाने घाम वाळत नाही. सकाळी सात ते दहा आणि चारनंतर काम, दर अर्ध्या तासाला पाणी.

कोणी वर अडकले तर

शिडीवर माणूस गोठला तर खालून ‘खाली बघू नकोस, घाबरू नकोस’ असा आरडाओरडा करू नये. एकाने शिडी पायाशी धरावी, एकानेच बोलावे. त्याला डोळ्यांसमोरच्या पायरीकडे बघायला सांगा, कोपरे पायऱ्यांत अडकवून शिडीला कवटाळायला सांगा, मग श्वास सावकाश सोडायला. घेण्यापेक्षा सोडण्यावर भर. दोन मिनिटांनी एक पाय, एक पायरी. उतरताना पुढची पायरी कुठे आहे ते खालच्याने तोंडाने सांगावे. त्याला ओढायला दुसऱ्याने त्याच शिडीवर चढू नये.

हार्नेसमध्ये लटकलेला माणूस शुद्धीवर असला तरी काम संपलेले नसते. पाय स्थिर लटकले की रक्त पायांत साठते आणि काही मिनिटांतच बेशुद्धी येऊ शकते. पायाखाली दोराचा फास देऊन त्याला उभे राहायला सांगावे, पाय हलवत ठेवायला सांगावे, आणि लगेच खाली आणावे. खाली आणायचे कसे हे वर चढण्याआधीच ठरलेले हवे. सत्तरी-सांग्याच्या आतल्या वाडीत अग्निशमन दलाची वाट बघण्याइतका वेळ नसतो. खाली आणल्यावर त्याला बसते ठेवा, आडवे करू नका, असे पूर्वी शिकवत. तो सल्ला आता मागे पडला आहे. नेहमीसारखे आडवे करावे आणि श्वास बघावा.

माणूस पडला तर १०८ लावा आणि त्याला उचलून बसवू नका. पाणी पाजू नका. श्वास चालू असेल तर डोके दोन्ही हातांनी आहे तसे धरून ठेवा. उलटी आली तर तिघा-चौघांनी डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून एकदम कुशीवर वळवावे. तीन मीटरपेक्षा उंचावरून पडलेला माणूस चालता-बोलता असला तरी त्याला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात न्यावेच. डॉक्टरांना सांगायचे ते असे: किती उंचीवरून, कशावर, आणि आधी काय टेकले. पायांवर पडून टाच मोडली असेल तर कंबरेचा मणकाही दबलेला असू शकतो, तो तपासायला सांगा, कारण टाचेच्या दुखण्यापुढे त्याला पाठ दुखतेय हे कळत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर नाव आधी सांगा, शक्यतो गोळीचे पाकीटच सोबत न्या. घरी सोडले तरी पुढचे दोन दिवस डोकेदुखी वाढणे, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणे किंवा जागे करायला कठीण जाणे यांपैकी काही दिसले तर त्याच वेळी परत न्यावे, सकाळची वाट बघू नये.